सभागृह कोण देणार: राजकीय उपहास, भीती आणि कायदा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने प्रहसनाच्या अंगाने जाणारी एकांकिका बसवली आहे. तिच्यातील नेता काल्पनिक आहे. तो मतांनी निवडून आलेला आहे, लोकप्रिय आहे आणि वर्षागणिक कोणाचेच ऐकेनासा होत चालला आहे. सभागृहाची तारीख ठरली होती, अनामतही भरली होती. मग व्यवस्थापकांनी फोन करून ‘वातावरण बरोबर नाही, संहिता आधी दाखवा, नाहीतर तारीख देता येणार नाही’ असे तोंडी कळवले. मंडळाच्या दिग्दर्शिकेने तीन गोष्टी विचारल्या आहेत: सत्ता एका माणसाच्या हाती गोळा होऊ लागते तेव्हा राजकीय उपहासाची गळचेपी नेमकी कोठून सुरू होते, कायदा कितपत साथ देतो, आणि हा प्रयोग करावा की नाही. सोलापूरच्या न्यायालयात वकिली करताना वृत्तपत्रांची, पथनाट्य पथकांची आणि व्यंगचित्रांवरून उभी राहिलेली प्रकरणे मी प्रदीर्घ काळ हाताळली आहेत; त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: प्रयोग अवश्य करावा. मात्र आपली खरी लढाई संहितेतल्या संवादांची नाही, सभागृहाच्या व्यवस्थापकांच्या मनातल्या भीतीची आहे, हे ओळखून करावा. माझ्या अनुभवात उपहास बंद पाडणारा सहसा उपहास करणाऱ्याच्या दारात येत नाही. तो जागा देणाऱ्याकडे, छापखान्याच्या मालकाकडे, स्मरणिकेत जाहिरात देणाऱ्या दुकानदाराकडे, संस्थाचालकाकडे आणि विद्यार्थ्याच्या वडिलांकडे जातो. या माणसांना नाटकाशी फारसे देणेघेणे नसते. त्यांना परवान्याची, कर्जाची, अनुदानाची, बांधकामाच्या मंजुरीची आणि घरातल्या स्वास्थ्याची काळजी असते, आणि ती काळजी खोटी नसते. म्हणून उपहासाचे रक्षण करायचे तर आधी या माणसांच्या मागे उभे राहावे लागते, हे माझे ठाम मत आहे.

तुर्कस्तानचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे, कारण तेथे एकाच नेत्याच्या कारकिर्दीत ही घसरण टप्प्याटप्प्याने पाहता येते. रेजेप तय्यिप एर्दोआन पंतप्रधान असताना ‘जुम्हुरियेत’ या दैनिकाचे व्यंगचित्रकार मुसा कार्त यांनी त्यांना लोकरीच्या गुंत्यात अडकलेल्या मांजराच्या रूपात दाखवले आणि एर्दोआन यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. त्याचा निषेध म्हणून ‘पेंगुएन’ या विनोदी साप्ताहिकाने २००५ मध्ये मुखपृष्ठावर त्यांना हत्ती, जिराफ, उंट, बेडूक अशा अनेक प्राण्यांच्या रूपांत रंगवले. त्यावरही दावा झाला, पण न्यायालयाने तो फेटाळला. नेता चिडत होता, तरी त्याला नाही म्हणणारा न्यायाधीश त्या काळात तेथे होता. २०१४ मध्ये एर्दोआन राष्ट्राध्यक्ष झाले आणि राष्ट्राध्यक्षांच्या अपमानासाठी एक ते चार वर्षांची कैद सांगणारे दंडसंहितेतील कलम २९९, जे पूर्वीपासून होते पण फारसे वापरात नव्हते, हजारो लोकांवर लावले जाऊ लागले. २०१६ मध्ये मुसा कार्त सहकाऱ्यांबरोबर तुरुंगात गेले. या वेळी आरोप व्यंगचित्राचा नव्हता, दहशतवाद्यांना साहाय्य केल्याचा होता. २०१७ मध्ये ‘पेंगुएन’चे प्रकाशन थांबले, आणि ते थांबवण्यासाठी कोणाला बंदीचा हुकूम काढावा लागला नाही. दहा-बारा वर्षांच्या या काळात दावा, फौजदारी कलम, दहशतवादाचा आरोप आणि अखेरीस शांतता, असा क्रम दिसतो.

रशियात आघात मालकीवर झाला. ‘एनटीव्ही’ या खासगी वाहिनीवर राजकारण्यांच्या बाहुल्यांचा एक लोकप्रिय साप्ताहिक कार्यक्रम १९९४ पासून चालत असे. २००० साली व्लादिमीर पुतिन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांची बाहुली पडद्यावरून हटवावी असा दबाव आला. लेखक व्हिक्टर शेंदेरोविच यांनी पुढच्या एका भागात बाहुली खरोखरच दाखवली नाही. तिच्या जागी जळते झुडूप दाखवले, आणि ज्याचे दर्शन घेता येत नाही अशा देवासारखा नेत्याचा उल्लेख केला. प्रेक्षकांना जे समजायचे ते समजले. एप्रिल २००१ मध्ये सरकारच्या प्रभावाखालील ‘गाझप्रॉम’ या कंपनीने थकीत कर्जाच्या वादातून वाहिनीचा ताबा घेतला आणि त्यानंतरच्या वर्षी बाहुल्यांचा कार्यक्रम संपला. कागदोपत्री पाहिले तर तेथे अभिव्यक्तीवर कोणताही घाला झालेला नाही, केवळ भागधारकांचा व्यवहार झालेला आहे. अशी प्रकरणे न्यायालयात मांडणे सर्वांत कठीण असते, कारण आव्हान द्यायला आदेशच हाती लागत नाही.

इजिप्तमधील दूरचित्रवाणीवरचे उपहासकार बासेम युसेफ यांच्याबाबत एवढेच सांगतो की मार्च २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांच्या कारकिर्दीत त्यांच्यावर अटकेचे वॉरंट निघाले तरी त्यांचा कार्यक्रम चालू राहिला; तो कायमचा थांबला २०१४ च्या जूनमध्ये, लष्करप्रमुखपदावरून आलेले सिसी राष्ट्राध्यक्ष झाले त्या सुमारास. वॉरंटाने जे झाले नाही ते वाहिन्यांच्या भीतीने झाले.

आपल्याकडे हे सर्व नवीन आहे असे मानण्याचे कारण नाही, आणि ते एकाच पक्षाचे पाप आहे असे मानण्याचे तर मुळीच नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. १९४८ पासून निघणारे ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंद झाले. अखेरच्या अंकात संपादक शंकर पिल्लै यांनी लिहिले की हुकूमशाहीला हसू परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील. त्याच डिसेंबरात अबू अब्राहम यांचे, राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसूनच अध्यादेशावर सही करत असल्याचे व्यंगचित्र मात्र छापून आले. एकाच राजवटीत एक दार बंद होते आणि दुसरे किलकिले राहते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे; भीती कधीच सगळीकडे सारखी पसरलेली नसते.

त्या काळातील मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल मी तरुण वकिलांना नेहमी वाचायला सांगतो. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील अकरा मजकूर नियंत्रकाने अडवले. मसानी न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी ऐन भरात असताना, न्यायमूर्ती मादन यांच्या खंडपीठाने नियंत्रकाविरुद्ध निकाल दिला. सर्व वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे नियंत्रकाचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. नागरिकांच्या स्थानबद्धतेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मान तुकवली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी मुंबईत असाही निकाल झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. न्यायाधीशांना धैर्य दाखवण्याची संधी मिळावी यासाठी आधी कोणीतरी अर्ज घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि १९७५ मध्ये मसानींनी त्या चढल्या.

आता आजच्या कायद्याकडे वळतो. राज्यघटनेचे कलम १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि कलम १९(२) त्यावरील निर्बंधांची कारणे मोजून सांगते. त्या कारणांत नेत्याचा अपमान, कार्यकर्त्यांचा संताप किंवा ‘वातावरण’ यांचा समावेश नाही. १९८९ च्या रंगराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याच्या राज्याने शरणागती पत्करणे होय. धमकी देणाऱ्याला आवरणे हे शासनाचे काम आहे. आपल्या प्रकरणाला त्याहून जवळचा निकाल एप्रिल २०१९ चा आहे. एका बंगाली राजकीय विडंबनपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळाले होते, तरी प्रदर्शनाआधी पोलिसांनी तो आपल्याला दाखवावा असे निर्मात्यांना लिहिले, आणि प्रदर्शनानंतर दुसऱ्याच दिवशी चित्रपटगृहांनी तो उतरवला; विचारल्यावर ‘वरून सूचना आहे’ एवढेच उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला वीस लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि पोलिसांना असा समांतर सेन्सॉर चालवण्याचा अधिकार नाही, असे ठरवले. दिग्दर्शिकेने या निकालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

दुसरा निकाल आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम लावण्याआधी पोलिसांनी काय पाहावे याची बंधने घालून दिली. आणि त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्या व्यंगचित्रांत विनोद किंवा उपरोध फारसा नाही, असे मत नोंदवूनही न्यायालयाने त्या कारणाने स्वातंत्र्यावर गदा आणता येणार नाही, असे म्हटले. विनोद चांगला असला तरच तो कायदेशीर, अशी अट कोठेही नाही. प्रहसन कच्चे असेल तर प्रेक्षक ते नाकारतील. त्यासाठी पोलीस नकोत.

असे निकाल असतानाही लोक का घाबरतात, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर निकालांच्या तारखांत आहे. जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांविषयीचे एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा त्यात आधार होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, आणि तरीही प्राध्यापक आरोपमुक्त झाले ते जानेवारी २०२३ मध्ये. दहा वर्षांहून अधिक काळ तारखांना हजर राहणे, नोकरीत आणि पारपत्रासाठी ‘गुन्हा प्रलंबित आहे’ असे लिहून देणे, ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते. माझ्या अशिलांपैकी निर्दोष ठरलेल्यांनीही नंतर पुन्हा लिहिले नाही, असे मी पाहिले आहे, आणि ते मला एखादा खटला हरण्याहून अधिक लागते.

जागा देणाऱ्याचे भय किती खरे असते, हे मार्च २०२५ मध्ये मुंबईत दिसले. विनोदकार कुणाल कामरा यांच्या एका राजकीय विनोदाच्या कार्यक्रमाची ध्वनिचित्रफीत प्रसारित झाल्यावर, ज्या स्टुडिओत ती चित्रित झाली होती त्याची तोडफोड झाली, आणि लगेच महापालिकेचे पथक तेथील बांधकाम पाडायला पोहोचले. विनोदकाराचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण राज्यातील प्रत्येक सभागृहचालकाने त्या दिवशी आपल्या इमारतीच्या मंजुरीचे कागद मनातल्या मनात तपासले असतील. आपल्या व्यवस्थापकांना भित्रे म्हणून झिडकारू नका, ही माझी दिग्दर्शिकेला कळकळीची विनंती आहे. त्यांना लेखी आधार द्या.

कलमांकडे पाहताना एक बदल माझ्या डोळ्यांसमोर झाला आहे. पूर्वी राजकीय विडंबनावर बदनामीची फिर्याद येई. बदनामी, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस त्यात परस्पर अटक करू शकत नाहीत, फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे लागते, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने केलेल्या टीकेला त्या कलमातच अपवाद आहे. आता त्याऐवजी कलम १९६, म्हणजे गटागटांत वैर वाढवणे, किंवा कलम २९९, म्हणजे धार्मिक भावना दुखावणे, यांखाली तक्रारी येतात, आणि हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. नेत्याला जेव्हा अवतार मानले जाऊ लागते, त्याच्या तसबिरीला हार घातले जातात, तेव्हा त्याच्यावरील टीका ही श्रद्धेवरील टीका म्हणून मांडणे सोपे होते. हुकूमशाहीकडे झुकण्याची ही खूण मला भाषणांतल्या दमदाटीपेक्षा अधिक गंभीर वाटते. मात्र येथेही बचाव आहे. इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील गुन्हा रद्द करताना मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, विचारी माणसाच्या निकषाने जोखावा, सदैव असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे. आणि तीन ते सात वर्षे शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरते. पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तर पहिल्याच दिवशी या निकालाचा लेखी हवाला द्यावा.

संहितेविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत बोलल्या जातात, आणि नेत्याच्या पात्राला पूर्व भागातल्या तेलुगूची किंवा कानडी हेलाच्या मराठीची ढब देऊन हशा मिळवण्याचा मोह येथे प्रत्येक नटाला होतो. तो टाळावा. त्या हशात नेता सुटतो आणि शेजारी सापडतो. शिवाय वीस सेकंदांचा तुकडा मोबाईलवर फिरला की कलम १९६ साठी लागणारा ‘गट’ तक्रारदाराला आयता मिळतो. जात, शरीर, आजार, घरच्या स्त्रिया यांवरचे विनोद याच कारणाने गाळावेत. ते न्यायालयात बचावाला जड जातातच, पण त्याआधी ते सत्तेविषयी काहीच सांगत नाहीत. नेत्याचे निर्णय, त्याची घोषणांची भाषा, त्याच्याभोवतीचे होयबा, त्याला प्रश्न विचारण्याची सवय मोडलेले पत्रकार, ही प्रहसनाची खरी सामग्री आहे. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाच्या नाकाडोळ्यांवर फार वेळ घालवत नाही. तो राजाचा हुकूम अक्षरशः पाळून दाखवतो, आणि त्या पाळण्यातच हुकमाचा मूर्खपणा उघडा पडतो.

रूपकाचे सामर्थ्य मराठी रंगभूमीला शिकवण्याची गरज नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले, तेव्हा त्यातील कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षकांनी स्वतःच ओळखले. १९१० मध्ये सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली त्यावर बंदी घातली. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके टिकून होता आणि २०१७ च्या निरसन विधेयकाने तो रद्द झाला. आणि सोलापूरला तर सत्तेचे भय किती क्षुल्लक गोष्टीला लागते याची स्मृती आहे: १२ मे १९३० रोजी येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि गांधीटोपी घालणे हे शिक्षेचे निमित्त झाले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांच्या शहरात एका एकांकिकेसाठी सभागृह मागताना आवाज खाली घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

प्रत्यक्ष करायचे ते असे. महाराष्ट्रात सार्वजनिक नाट्यप्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ही पूर्वतपासणी मला तत्त्वतः मान्य नाही, पण ती आहे तोवर तिचे प्रमाणपत्र हीच आपली ढाल आहे. ते घेतले नसल्यास आजच संहिता पाठवावी. प्रमाणपत्राची प्रत जोडून व्यवस्थापकांना पत्र लिहावे: संहितेची तपासणी सक्षम मंडळाने केली आहे, दुसरी तपासणी कोणत्या नियमाखाली मागितली जात आहे ते लेखी कळवावे, आणि कोणी धमकी दिली असल्यास आम्ही पोलीस आयुक्तांकडे बंदोबस्ताचा अर्ज करत आहोत. असा अर्ज खरोखर करावा आणि पोच घ्यावी. बहुतेक वेळा तोंडी नकार कागदावर उतरत नाही, आणि तारीख परत मिळते. पूर्ण प्रयोगाचे स्वतः अखंड चित्रीकरण करून मूळ फाइल जपावी, म्हणजे तोडलेल्या तुकड्यापुढे संपूर्ण प्रयोग ठेवता येईल. न्यायालयात ते दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, ते तयार करून देणारा माणूस आधीच ठरवावा. नटांच्या पालकांना एकदा एकत्र बोलवावे आणि वकिलाने त्यांच्याशी समक्ष बोलावे. मी त्यासाठी येईन.

सभागृह महापालिकेचे किंवा शासनाचे असेल तर त्याच्यावर राज्यघटनेची कलमे १४ (समानता) आणि १९ थेट बंधनकारक आहेत आणि मनमानी नकाराविरुद्ध रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे मुंबईचा फेरा वाचतो आणि तातडीची सुनावणी मागणे सुकर झाले आहे. खासगी सभागृहाबाबत हा मार्ग सरळ लागू होत नाही. तेथे करारभंग आणि अनामतीचा परतावा एवढेच हाती राहते, म्हणून पर्यायी जागा आतापासून पाहून ठेवावी. तारखेआधी निदान दहा दिवस हाती असतील अशा बेताने व्यवस्थापकांना पत्र द्यावे, आणि त्यांचे उत्तर, किंवा उत्तर न आल्याची नोंद, आरक्षणाच्या पावतीसह माझ्याकडे आणावी.